क्लँगची पाच वाक्यं

आमच्या इमारतीत एखादी बातमी पसरवायची असेल तर लोक फलकावर कागद लावत नाहीत, मला सांगतात. कागद कुणी वाचेलच असं नाही. मी सांगितलेलं मात्र ऐकावंच लागतं. तेव्हा ठोकेमामांची ही हकिकत तुम्हाला थेट उगमापाशी मिळते आहे असं समजा. तिखटमीठ आहे, पण चवीपुरतंच.

ठोके हे त्यांचं आडनाव नव्हे. जिना उतरताना मामा कठड्याच्या लोखंडी नळीवर किल्लीने तीन ठोके मारतात, टण, टण, टण, आणि मगच खाली जातात. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी एकदा विचारलंसुद्धा, "अहो, जिना आहे का घरात म्हणून रोज दार वाजवून बघता की काय?" त्या दिवसापासून सगळा जिना त्यांना ठोकेमामा म्हणतो. नाव मी ठेवलं, हे अजून त्यांना माहीत नाही.

खोड जुनी आहे. चौतीस वर्षं मामा मालगाड्यांच्या यार्डात होते. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेकडेने चालायचं आणि एकेका चाकावर एकेक ठोका द्यायचा. चाक धड असलं की खणखणीत वाजतं. डोळ्याला दिसणार नाही असा बारीक तडा जरी गेला असला तरी बद्द वाजतं. मग डब्यावर खडूने फुली मारायची आणि डबा बाजूला काढायचा. "चौतीस वर्षांत अकरा चाकं आजारी निघाली," मामा सांगतात. "बाकी सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत."

मामी होत्या तेव्हा मामा संध्याकाळी मागच्या अंगणात फेऱ्या मारत. आमच्या दोन्ही गॅलऱ्या तिसऱ्या मजल्यावर, एकमेकींना चिकटून. त्यामुळे मला सगळं दिसायचं. म्हणजे मी बघायचेच. पानं घेण्याची वेळ झाली की मामी गॅलरीत येऊन उलथन्याने कठड्यावर एक ठोका द्यायच्या. हाक नाही, काही नाही. "जन्मभर लोखंडाचं ऐकलंय त्यांनी, बायकोचं कुठलं ऐकायला!" असं वर मला ऐकवायच्या. ठोका पडला की मामा जिथे असतील तिथून वळायचे, फेरी अर्धी असली तरी. मी म्हणायचे, "मामी, मी इकडे घसा फोडते तरी आमचे हे पेपरातून मान वर काढत नाहीत. तुमचं उलथनं एक दिवस उसनं द्या की!"

मामींना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, नात नऊ वर्षांची. दर रविवारी सहाला फोन येतो, चेहऱ्यासकट. आमची मधली भिंत पातळ आहे, त्याला माझा इलाज नाही. मुलगा तब्येत विचारतो, गोळ्या विचारतो आणि मग नातीला पुढे करतो.

"हॅलो, ग्रँडपा."

"हॅलो, हॅलो."

"हाऊ आर यू?"

"फाइन. यू?"

"फाइन. बाय!"

तिला आपली भाषा येत नाही, यांना तिची. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. अकरा सेकंद. फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ "फाइन, फाइन" असं स्वतःशीच म्हणत बसायचे, जणू काही राहिलं होतं ते आता सांगताहेत.

तर एका सोमवारी सकाळी माझं दार वाजलं. दोनदा वाजलं, कारण पहिल्यांदा मामा नुसती कडी तपासत होते.

"तुझं इंग्रजी कसं आहे गं?"

"फाडफाड," मी म्हटलं. "समोर इंग्रज नसला तर."

त्यांच्या हातात कोरी वही होती. भानगड अशी, की नातीच्या शाळेत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येक मुलाला एकेक शब्द. ज्याला त्या गोष्टीची खरी माहिती आहे अशा घरातल्या माणसाकडून त्या शब्दाची पाच इंग्रजी वाक्यं आणायची आणि वर्गात वाचून दाखवायची. हिला चिठ्ठी आली क्लँग. लोखंडावर लोखंड आपटल्यावर जो मोठा आवाज होतो तो. मुलगा म्हणाला, तुझ्या आजोबांनी जन्मभर तेच ऐकलंय. आणि काल पोरगी चक्क "बाय" म्हणायच्या आधी थांबली होती. म्हणाली होती, "ग्रँडपा, फाइव्ह सेंटेन्सेस, प्लीज. नेक्स्ट संडे."

"प्लीज म्हणाली," मामांनी मला दोनदा सांगितलं.

मी लगेच फोन काढून पहिलं वाक्य शोधलं. "हे घ्या. द गेट क्लोज्ड विथ अ क्लँग. फाटक दाणकन बंद झालं."

"कुणाचं फाटक?"

"अहो, कुणाचं का असेना!"

"आपलं?"

"बरं, आपलं."

मामा खाली गेले. मागोमाग मी. त्यांनी फाटक उघडलं, जोरात ढकललं. फाटक कुईंऽऽ करत आलं आणि अर्ध्यावर थांबलं.

"खोटं वाक्य आहे," मामा म्हणाले. "खोडून टाक."

तो आठवडा आमच्या इमारतीने कानात बोटं घालून काढला. मामा हातोडा घेऊन प्रत्येक लोखंडाची नाडी बघत फिरत होते. पाण्याच्या टाकीचं झाकण, लिफ्टचं जाळीचं दार, सायकलींचा खांब. सेक्रेटरी बनियनवरच धावत आले. "मामा, पाडायचीय का इमारत?" मी मध्ये पडले, "पाडत नाहीयेत हो, वाक्यं काढताहेत!" सेक्रेटरींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी इथे लिहीत नाही.

गुरुवारी मी सुचवलं, "स्वयंपाकघरातलं घ्या ना एखादं. ताट पडलं, क्लँग झालं. सोपं आहे."

"माझ्याकडे होत नाही."

"म्हणजे?"

त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला. खिळ्याला दोन तवे, एक रोजचा आणि एक मामींचा, तडा गेलेला. बाकीची भांडी त्यांनीच बांधून माळ्यावर टाकली होती. "एकटं ताट आपटणार कशावर?" ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. यार्डातली नोंद सांगावी तसं म्हणाले. मी, जिला कधी शब्द कमी पडत नाही, ती म्हणाले, "मामा, माझं दूध गॅसवर आहे," आणि निघून आले. दूध नव्हतं.

शनिवारपर्यंत चार वाक्यं झाली. टाकीच्या झाकणाचं एक, लिफ्टच्या दाराचं एक. "माय हॅमर इज ओल्ड, बट क्लँग इज न्यू," हे तिसरं, त्यांचं स्वतःचं. हातोडा जुना आहे पण आवाज नवा. चौथं, "व्हेन द व्हील सेज क्लँग, आय ॲम हॅपी." चाक क्लँग म्हणालं की मला आनंद होतो. पाचव्यावर त्यांनी हात ठेवला होता.

"बघू तरी."

"ते झालंय."

"मग दाखवा की! तपासून नको द्यायला?"

"नको," मामा म्हणाले आणि वही मिटली. हे मला किती झोंबलं ते तुम्ही समजू शकता.

रविवारी पावणेसहाला मी साखर मागायला गेले, वाटी घेऊन. साखर मिळाली तरी उठले नाही. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आठवडाभराची एवढी खटपट पाच वाक्यांसाठी होती असं आम्ही सगळे म्हणत होतो. खुर्ची टेबलाच्या किती जवळ ओढून बसले होते, ते पाहिल्यावर मला कळलं, माणसाला अकरा सेकंदांहून थोडा जास्त वेळ हवा होता, एवढंच.

फोन आला. नातीने पेन्सिल घेतली. मामांनी एकेक शब्द ठोकून बघावा तसं वाचलं. तिने लिहून घेतलं. चौथ्या वाक्याला ती थांबली.

"वाय हॅपी?" तिने विचारलं. "क्लँग इज अ बॅड नॉइज. टीचर सेड."

मामांनी तोंड उघडलं. आत चौतीस वर्षं होती आणि इंग्रजी जेमतेम पंचवीस शब्दांचं. मी पुढे सरसावले, पण त्यांनी न बघता हात वर केला, गाडी थांबवतात तसा. उठले. हातोडा आणला, दोन्ही तवे आणले. रोजचा तवा दांडीच्या भोकात बोट घालून लटकवला आणि ठोका दिला. ठण्णऽऽ. खोलीभर घुमला.

"गुड," मामा म्हणाले.

मग मामींचा तवा. बद्.

"सिक." त्यांनी तो तडा कॅमेऱ्यासमोर धरला. "ट्रेन व्हील, सेम. सिक व्हील, ट्रेन फॉल. गुड व्हील, क्लँग, ट्रेन गो. आय ॲम हॅपी."

पोरगी इतकी पुढे वाकली की पडद्यावर नुसता एक डोळा राहिला.

"अगेन," ती म्हणाली.

मामांनी पुन्हा वाजवलं. मग ती "वेट!" म्हणून ओरडली आणि फोन घेऊन पळाली. आम्हाला छत दिसलं, दिवा दिसला, पुन्हा छत. कुठूनसा एक चमचा तिने घेतला असावा, कारण ठोके सुरू झाले. पातेलं. नळ. खिडकीचा गज. मामा डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून ऐकत होते.

"गुड... गुड... गुड..."

मग एक लांबलचक आवाज आला, पायरीपायरीने वर चढत जाणारा.

"जिना आहे होय तुमच्या घरात?" मामा आपल्या भाषेत म्हणाले. "बोलला नाहीस कधी."

"आहे ना, बाबा," मागून मुलाचा आवाज आला. "वर दोन खोल्या आहेत."

"बरं, बरं."

मग एक ठोका पडला आणि मामांनी डोळे उघडले. "सिक!"

"डॅडीज न्यू पॅन!" पोरगी खिदळली.

"बाबा, महिना नाही झाला घेऊन!"

"नवाच असेल. पण आजारी आहे. खाली ठेव, उद्या तडकेल."

मी एवढी हसले की वाटीतली साखर सांडली. बावीस मिनिटं! मी घड्याळ लावलं होतं. शेवटी पोरगी धापा टाकत परत कागदापाशी आली. "दॅट्स फोर. नंबर फाइव्ह?"

मामांनी वहीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच लबाडी पाहिली, अगदी माझ्या तोडीची.

"नंबर फाइव्ह," ते म्हणाले, "नेक्स्ट संडे."

पोरगी गोंधळली. "बट स्कूल इज टुमॉरो." मग खांदे उडवून म्हणाली, "इट्स ओके. फोर इज ओके. बाय, ग्रँडपा!"

पडदा काळा झाला. मामा वहीवर बोट ठेवून तसेच बसले. एक वाक्य हातचं राखलं होतं, तेवढ्याच जोरावर पुढचा रविवार आणायचा बेत होता. मी थट्टा करायची सोडून सांडलेली साखर गोळा करायला लागले.

तरी पुढच्या रविवारी त्यांनी तयारी केलीच. तवे घासून ठेवलेले, वही उघडी. मी पुन्हा साखरेला. मुलगा एकटाच आला पडद्यावर. पोरगी मैत्रिणीकडे गेली होती. शाळेत सगळ्यांना फार आवडलं म्हणे, टाळ्या पडल्या. आता नवा शब्द आलाय तिला, बर्फ.

"बर्फाचं मला काही ठाऊक नाही," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

"नाही हो बाबा, ते तिची आई सांगेल. तुम्ही बरे आहात ना?"

"फाइन," मामा म्हणाले. मुलाशीच, पण इंग्रजीत.

ते फिरायला खाली गेले. जिन्यावरून एकच ठोका ऐकू आला. वही टेबलावर उघडीच होती, आणि मी काही साधुसंत नाही. पाचवं वाक्य वाचलं. "माय वाइफ मेड वन क्लँग अँड आय केम होम." बायको एक ठोका द्यायची आणि मी घरी यायचो. चूक काढायला एक अक्षर सापडलं नाही.

मी माझ्या घरी गेले. मला काय वाटलं कोण जाणे, गंमतच करायची होती बहुतेक. उलथनं उचललं, गॅलरीत आले आणि माझ्या कठड्यावर एक ठोका दिला.

मामा अंगणाच्या पार टोकाला होते. जागच्या जागी वळले. वर पाहिलं. माझ्याकडे नाही, शेजारच्या गॅलरीकडे, स्वतःच्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग हळूहळू नजर माझ्यावर आली.

"तुझ्या बाजूचा कठडा बद्द वाजतोय," खालून म्हणाले. "बोल्ट ढिला असेल. उद्या पाना घेऊन येतो." आणि उरलेली फेरी पुरी करायला निघाले.

दुसऱ्या दिवशी खरंच आले. दोन बोल्ट आवळले, किल्लीने टण करून पाहिलं, मान हलवली.

"वाजव बघू आता."

"उलथनं कुठे ठेवलंय कोण जाणे, मामा," मी म्हटलं.

ते माझ्या पाठीमागे, माझ्याच हातात होतं.