गेणूआबांचा नारळ

आमच्या गावात पाणी कुठे लागेल हे विचारायला लोक गेणूआबांकडे जात. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवून आबा अनवाणी रान तुडवायचे. जिथे खाली पाणी असेल तिथे नारळ हातावर उभा राहायचा. अशा माणसाला आमच्याकडे पाणाड्या म्हणतात. नारळ पाण्याने उठायचा की आबांच्या मनगटाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी शाळेत कारकुनी केलेला माणूस, असल्या गोष्टींना हसायचो. हसत हसत माझ्या रानातली जागाही त्यांच्याकडूनच दाखवून घेतली, हे आधीच सांगून टाकतो.

गाव आमचं आणे पठाराच्या पायथ्याला. बहात्तरच्या दुष्काळात ओढ्याकाठी आबांनी जागा दाखवली आणि दुष्काळी कामावर गावाने विहीर खणली. सात परस खोल, म्हणजे हात वर केलेली सात माणसं एकावर एक. पाणी लागलं तेव्हा पहिला हंडा भरला आबांच्या एकुलत्या लेकीने, साळूने. दहा वर्षांची होती ती. त्या विहिरीवर आबांचा जीव होता. रोज सकाळी कठड्यावरून वाकून बघायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करावी तसे.

आबांचा एक नेम होता, त्यांच्या वडिलांपासून आलेला. नारळ घेऊन दारात आलेल्या माणसाला माघारी पाठवायचं नाही, आणि त्या नारळापलीकडे काही घ्यायचं नाही. नेम मोडला तर हातातला गुण जातो. विहिरींच्या काळात या नेमाने काही बिघडलं नाही, कारण एक विहीर खणता खणता घरातली माणसं थकून जायची. नव्वदनंतर बोअरच्या गाड्या आल्या. सकाळी आबांनी जागा दाखवावी आणि दिवस मावळायच्या आत पाणी वर यावं. दारात नारळांची रांग लागली. त्या दहा वर्षांत आबांच्या घरी कालवणात खोबरं कधी कमी पडलं नसेल.

बोअरचं पाणी वेगळं, असं आबांना वाटायचं. आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. ते पार खालचं, पाताळातलं. विहिरीच्या पाण्याशी त्याचा काय संबंध? दोन हजार दोन साली दिवाळीलाच विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा भूजल खात्याचे एक साहेब आले. त्यांनी शाळेच्या ओट्यावर एक शहाळं ठेवलं, त्यात सहा नळ्या खुपसल्या आणि आम्हा सहा बाप्यांना एकदम प्यायला लावलं. डोकी एकमेकांवर आपटली, लोक हसले, आणि शहाळं बघता बघता संपलं.

"गावाखाली हे असंच आहे," साहेब म्हणाले. "नळ्या कितीही घाला, पाणी एकच. पावसाचं जेवढं मुरतं, तेवढंच काढलंत तर टिकेल."

आबा हसले नव्हते. घरी जाताना मला म्हणाले, "भाऊ, म्हंजी इहिरीला भोकं मीच पाडली का?"

मी म्हणालो, "तुमी नुसतं दाखवलं, आबा. पाडली आमी."

पुढच्या ग्रामसभेत आबा हात जोडून उभे राहिले. ओढ्याच्या दोन्ही अंगांना आता नवी बोअर नको, आहे ती खोल करायची नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहीत ठराव झाला. पहिली सही ओढ्याकाठच्या गोरखची, तिसरी माझी.

तीन महिन्यांनी साळू बापाच्या दारात नारळ घेऊन उभी राहिली. तिला गावातच दिली होती. नवरा वारलेला, पोटाला दोनशे डाळिंबाची झाडं, आणि रान नेमकं ओढ्याला लागून. "आबा, एवढी झाडं जगली की बास," ती म्हणाली. माघारी पाठवायचं नाही हा नेम. आबांनी नारळ घेतला आणि मलाही सोबत बोलावलं.

साळू पुढे, मधे आबा, मागे मी. रानातल्या बाभळीपाशी आबा क्षणभर थांबले. साळूने वळून पाहिलं, तसे पुन्हा चालू लागले. बांधाला पोचल्यावर म्हणाले, "पाणी न्हाई, साळू. कुठंच न्हाई."

साळू त्यांच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि घराकडे गेली.

परतताना आबा रस्त्यातच खाली बसले. "नारळ उठला व्हता, भाऊ. बाभळीपाशी. जल्मात पयल्यांदा खोटं बोललो, आन् ते लेकीशी."

मी त्यांना उठवलं. विहीर तर वाचेल, असं काहीतरी बोललोही.

एप्रिलमध्ये साळूच्या बांधापलीकडे गोरखने बोअर घेतली. आबांकडे तो आलाच नाही, बाहेरून यंत्राने पाणी शोधणारा आणला. त्या बाभळीपासून दहा पावलांवर दोन इंची पाइप भरून पाणी लागलं. विहीर आठ दिवसांत कोरडी पडली. गावाला दिवसाआड टँकर सुरू झाला. मे महिन्यात मी माझी बोअर शंभर फूट आणखी खोल करून घेतली. साळूची डाळिंबं वाळली. ती तोडून तिने सरपण केलं आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायला जाऊ लागली.

आबांनी त्यानंतर नारळ हातात धरला नाही. सकाळी विहिरीवर मात्र जायचे. कोरड्या विहिरीत काय बघत होते, मी कधी विचारलं नाही. माझी विचारायची हिंमत नव्हती.

तीन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. साळू त्यांना पेज भरवत होती, मी उशाशी बसलो होतो. दोन घास झाल्यावर त्यांनी तिचा हात धरला.

"साळू, तुझ्या रानात पाणी व्हतं. नारळ उठला व्हता."

"मला दिसलं व्हतं, आबा. मी म्होरंच तर व्हते."

"मग बोलली का न्हाईस?"

साळूने वाटी खाली ठेवली. "तुमी इहिरीसाठी केलं. मला वाटलं, बाकीचीबी थांबतील."

हे बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.