चेरी पिकेपर्यंत

हॅम्बर्गच्या इल्झेआजींनी जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. फक्त एक डबा द्यायचाच राहून गेला होता, तोही ब्रिटिश लष्कराचा.

जर्मनी दुसरं महायुद्ध हरल्यावर शहरात ब्रिटिश फौज आली आणि आजींचं घर अधिकाऱ्यांसाठी ताब्यात घेतलं गेलं. चिमुरडी इल्झे आईबरोबर बागेतल्या अवजारांच्या खोपटात राहायला गेली. स्वतःच्याच घरात शिरायची चोरी! पण फौजेचा आचारी मायाळू निघाला. एकदा त्याने मागच्या दाराने पत्र्याचा डबा भरून गरम लापशी दिली. आईने डबा घासूनपुसून लखलखीत केला, पण त्यात घालायला होतं काय? "चेरी पिकल्या की भरून देऊ," ती म्हणाली. चेरी पिकल्या तेव्हा पलटण निघून गेली होती. आजींना ते अजून खुपत होतं.

आता पुन्हा तीच गत. वरच्या मजल्यावरच्या ऊर्मिलाने बेसनाचे लाडू दिले होते, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून. लाडू आजींनी केव्हाच फस्त केले. डबा मात्र चेरींसाठी अडवून ठेवला. आणि ऊर्मिलाचा नवरा पद्माकर येऊन सांगून गेला, वोल्फ्सबुर्गला नोकरी लागलीय, शनिवारी निघतोय. चेरी तर अजून हिरव्याच!

आजींनी झाडाखाली खुर्ची टाकली. पातेलं बडवून पक्षी हाकलले, झाडालाही चार शब्द सुनावले. जिन्यात ऊर्मिला भेटली की घुटमळायची. डबा मागणं तिच्या जिवावर यायचं आणि आजी नजर चुकवून सटकायच्या.

शनिवारी ट्रक भरत आला, तेव्हा उन्हाकडची फांदी एकदाची लाल झाली होती. आजी सरळ शिडीवर चढल्या.

"अहो आजी, उतरा खाली!" घाबरून पद्माकर मराठीतच ओरडला.

आजी उतरल्या, पण डबा काठोकाठ भरूनच.

ऊर्मिलाने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि तिला रडू कोसळलं. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरते कसली! आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ऊर्मिला रडता रडता हसली. "आमच्याकडेही नाही."

हे ऐकताच आजी तरातरा घरात गेल्या. परत आल्या त्या आचाऱ्याचा पत्र्याचा जुना डबा घेऊन, आणि फांदीवर उरलेल्या चेरींनी तोही भरला.

"आल्झो, मग हाही ने."

"आणि परत कधी देऊ?"

"भरशील तेव्हा," आजी म्हणाल्या. "पण लवकर ये हं. हा द्यायला आम्ही उशीर केला होता."