रानात नाव घ्यायचं नाही

मे महिन्यात आई-बाबा ऑफिसला जायचे आणि मी काकांच्या ताब्यात असायचे. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. गिरणी बंद पडल्यापासून ते अंधेरीला आमच्याकडेच राहत होते. आठवड्यातून एकदा तरी ते मला बसने बोरिवलीच्या नॅशनल पार्कात न्यायचे.

मी शाळेत फारशी बोलत नसे, घरीही नाही. पार्कात मात्र मला काम होतं. इंग्रजी पाट्या वाचून काकांना अर्थ सांगायचा. मग ते झाडाच्या खोडावर थाप मारून त्याचं गावाकडचं नाव सांगत. फाटकाशी घेतलेली करवंदं पानाच्या द्रोणातून खात आम्ही चितळांच्या कुंपणाशी उभे राहायचो.

एकदा झाडीत काहीतरी हललं आणि मी ओरडले, "काका, वाघ!"

"हळू गो! नाव घेव नको. मोठो म्हण."

त्यांच्या गावी रानात वाघाचं नाव कुणी घेत नसे; घेतलं की तो येतो. झाडीतून कुत्रं बाहेर आलं. मी रडवेली झालेली बघून काका म्हणाले, "सांगूचाच आसात तर इंग्रजीत सांग. त्याका इंग्रजी खय कळता?"

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी हळूच "टायगर" म्हणायचे आणि काका घाबरल्याचं सोंग करायचे.

दहावीच्या सुट्टीत त्यांचा खोकला थांबेना. हॉस्पिटलचा रिपोर्ट आला, तो इंग्रजीत. बाबांनी तो वाचून घडी घातली आणि कपाटात ठेवला. "नुसती सूज आहे, दादा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाट उघडलं. त्यातला शब्द मला माहीत होता.

त्याच आठवड्यात काका म्हणाले, "चल गो, पार्कात जावया."

फाटकापासून पहिल्या बाकापर्यंतच ते चालू शकले. करवंदांचा द्रोण माझ्या मांडीवर होता.

"त्या कागदार काय लिवलेला आसा?"

"सूज," मी म्हणाले.

"ता तुझो बापूस सांगता. तू इंग्रजीत सांग."

मी करवंदाच्या चिकाने काळी झालेली माझी बोटं बघत राहिले. माझ्या शाळेची फी भरताना बाबांना कमी पडलं, तेव्हा काकांनीच हात दिला होता. त्या शाळेने शिकवलेला एक शब्द मला उच्चारता येईना.



"नाव नाय घेतलंस," काका म्हणाले, "म्हणजे जवळच आसा."

त्यांनी द्रोणातली पिकलेली करवंदं निवडून माझ्या हातावर ठेवली. स्वतः एकही खाल्लं नाही.

ती आमची शेवटची फेरी. निघताना त्यांनी मला फाटकाजवळची पाटी वाचायला लावली. ती आम्हा दोघांना पाठ होती. मी ती अख्खी वाचली, सावकाश, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत.