उंबऱ्यावरून बोलणारा लेखक

धडा उघडला की दादा पहिल्या पानावर तळहात ठेवायचे, पाहुण्याच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवायचे आणि पान उलटून टाकायचे. वर समजूत घालायचे, "हा चहापान्याचा भाग, सर. कामाचा पुढं येल."

अशा बोलण्याला तुम्हीही थट्टाच समजला असता. मी तर वर्षभर समजलो, आणि मी शिकवायचो संस्कृती!

शहापूर-मुरबाड रस्त्यावर ख्रिस्ती धर्मसेवक घडवणारी एक सेमिनरी आहे. पोरं आसपासच्या पाड्यांवरची, ग्रंथ सगळे इंग्रजी. वाशिंदहून स्कूटरने जाऊन मी त्यांना हे ग्रंथ कसे वाचावेत ते शिकवायचो. जोडीला परदेशी चालीरीतींचा तास. परदेश मी पाहिला तो कॅलेंडरवर. त्या बळावर मी मेसमधला भाताचा डाव हातात घेऊन काटा-चमचा धरायला शिकवलं.

दादा वर्गात सगळ्यांत मोठे. खर्डीपलीकडच्या पाड्यावरचे. जीप चालवणं सोडून आले होते, पाड्यावरच्या चार ख्रिस्ती घरांचे पाळक व्हायला. आडवी आली ती तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक अनोळखी लेख देणार, लेखकाचं म्हणणं काय ते सांगायचं. दादा एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले की कायमचे घरी. त्यांची भिस्त शेवटच्या परिच्छेदावर. "लेखक सगळ्यांचे आभार मानतो, सर. मानूस चांगला वाटतो."

"अहो दादा, पहिलं पान का वाचत नाही?"

"वाचतो ना. पन मनावर घेत नाय."

मी आळसावर व्याख्यान दिलं. चांगलं रंगलं होतं.

भातकापणीच्या सुट्टीत दादा गेले ते आलेच नाहीत. थोरला भाऊ सोडत नाही, असं कुणीतरी म्हणालं. मी वीरासारखी स्कूटर काढली. भाऊ ओटीवरच बसले होते. मी उंबऱ्याशी उभा राहून, डोक्यावर हेल्मेट तसंच, गरजलो, "दादांना परत पाठवा! परीक्षा तोंडावर आली!"

हातातली कामं टाकून घरचे पुढे आले. कोंबडीसुद्धा चोच उचलून थांबली.

भाऊ हळूच म्हणाले, "मास्तर, कोन वारला?"

"कोणी नाही!"

"मंग बसा. आमच्याकडं उंबऱ्यावरून निस्ती मयताची खबर सांगतान. टोपडा काढा, पानी घ्या."

पाणी झालं. चहा झाला. यंदाचं भात, माझ्या स्कूटरचं अ‍ॅव्हरेज, म्हसा गावच्या जत्रेत बघितलेला बैल, सगळं झालं. मग भाऊच म्हणाले, "हां, आता बोला."

मी बोललो.

"मंग न्या की! कोनी धरलाय त्याला? भाताची झोडनी झाली का येनारच व्हता."

चहाचा रिकामा कप माझ्या हातातच राहिला. या घरात कामाचं बोलणं शेवटी यायचं. मग दादा पुस्तकात ते पहिल्या पानावर कशाला शोधतील?

"दादा," खळ्यावरून येऊन भावाशेजारी टेकलेल्या दादांना मी म्हटलं, "इंग्रजीतला लेखक माझ्यासारखा असतो. हेल्मेट न काढता उंबऱ्यावरूनच काम सांगून टाकतो. चहापाणी मागाहून."

दादा पोट धरून हसले. "म्हंजे सगळेच मयताला आल्यागत?"

तोंडी परीक्षेला मी खिडकीबाहेर उभा. परीक्षकांनी लेख दिला. दादांनी पहिल्या पानावर तळहात ठेवला. मी खिडकीच्या गजाला नाक लावलं. पण पान उलटलं नाही. तळहात बाजूला झाला, ओठ हलू लागले. मग आपल्या मोडक्यातोडक्या पण ठणठणीत इंग्रजीत ते म्हणाले, "हा माणूस उंबऱ्यावर उभा आहे. म्हणतो, गरिबाला मदत देण्याआधी त्याला काय हवंय ते विचारा. पुढची पानं म्हणजे चहापाणी."

परीक्षकांनी चष्मा काढला. "तुम्हाला पटतं?"

"पटतं. जरा बसून बोलला असता, तर जास्त पटलं असतं."

परीक्षक खुर्चीत मागे रेलून हसले. पास! पोरांनी दादांना खांद्यावर घेतलं. मी मेसमधला तोच डाव घेऊन थाळी अशी बडवली की आचारी धावत आला.

आता दादा त्यांच्या पाड्यावर पाळक आहेत. माझ्या नव्या वर्गात पहिलं पान कुणी उलटलं, की मी आधी त्याच्या घरच्या भाताची चौकशी करतो.

पाड्यावर जाण्याआधी दादा वाशिंदला माझ्या घरी आले होते. मी शहाणा झालेला. पाण्याचा तांब्या तयार, पावसापाण्याची चौकशी ओठांवर. पण दादा उंबऱ्यावरच थांबले. चपलाही काढल्या नाहीत.

"सर, मी चाललो."

उंबऱ्यावरची खबर! मी तांब्या घेऊन तसाच दाराकडे धावलो.

तेवढ्यात दादा खदखदून हसले. चपला काढल्या, आत आले, ऐसपैस मांडी घातली.

"काम झाला, सर. आता पानी द्या."