अक्षरांचा तक्ता

डोळ्यांच्या दवाखान्यात आईला खुर्चीत बसवलं. तिचं नऊवारी लुगडं बघून तपासणाऱ्या मुलीने काही न विचारताच समोरचा तक्ता बदलला. वाचता न येणाऱ्यांसाठी असतो तसा, नुसत्या खुणांचा.

"आजी, खुणेचं तोंड कुठल्या बाजूला आहे, तेवढं हाताने दाखवा हं."

आई म्हणाली, "अगं पोरी, अक्षरांचाच लाव की. वाचते मी."

आईच्या पन्नाशीत शेजारच्या शुभाताईंनी तिला रोज दुपारी धान्य निवडता निवडता अक्षरं शिकवली. तेव्हापासून ती एसटीची पाटी स्वतः वाचते आणि मनात आलं की एकटी माहेरी जाते. कुणाची सोबत लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. मी त्या अंधाऱ्या खोलीत शुभाताईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

आईने एकेक ओळ खणखणीत आवाजात वाचली. अगदी खालच्या बारीक ओळीपाशी मात्र ती अडली.

"हे काही दिसत नाही गं."

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. पूर्वी कुठलाही कागद पुढे आला की आई मान खाली घालून म्हणायची, 'मला येत नाही.' आता तिला नुसतं दिसत नव्हतं. त्यावर चष्मा मिळतो.