स्लेटवर तेलाचा बोळा

घरात स्लेटची फरशी बसवायची हे मी ठरवलं आणि कुणाचंही ऐकलं नाही. उस्मानपुऱ्यातला दुकानदार म्हणाला, "ताई, अंगणात लावा ना. हॉलमधी पाटीचा दगड कोण लावतं?"

"मी लावते," म्हटलं.

कारण साधं होतं. सासूबाई पिशोरहून आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि महिन्याभरातच चकचकीत टाइल्सवरून घसरल्या. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हिंमत गेली. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालणारी बाई हॉलमध्ये भिंत धरून चालायला लागली. "मला गावाकडं सोडा," एवढंच म्हणायच्या. गावाकडं आता घर बंद होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या इथंच हव्या होत्या.

स्लेट बसली. खरखरीत, पावलाला धरून ठेवणारी. मिस्त्री पॉलिशचं मशीन घेऊन आला, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. इथवर माझं सगळं बरोबर होतं.

मग घरी ठेवलेल्या पूजेच्या आदल्या दिवशी माझंच डोकं फिरलं. पाहुणे येणार आणि फरशी कशी कोरडी, राखाडी दिसते! माहेरी सणासुदीला आई कडाप्प्याच्या ओट्यावर तेलाचा बोळा फिरवायची. मीही वाटीभर करडईचं तेल घेतलं आणि अख्खा हॉल पुसून काढला. काळाभोर झाला. मी जाम खूश.

सासूबाई खोलीच्या दारात आल्या. एक पाऊल टाकलं आणि लगेच मागं घेतलं.

"ही फरशी बी तसलीच व्हय," म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. दुकानदाराला, मिस्त्रीला अक्कल शिकवणारी मी गुडघ्यावर बसले. बेसन पसरलं, गरम पाण्यानं घासलं, पुन्हा बेसन, पुन्हा साबण. संध्याकाळपर्यंत हात सोलले. फरशी पुन्हा खरखरीत झाली, पण दगडानं प्यायलेलं तेल काही निघालं नाही. जागोजागी काळे डाग राहिले.

दुसऱ्या दिवशी एका पाहुणीनं नाक मुरडलंच. "नवी फरशी, अन् एवढी डागाळलेली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हॉलच्या मधोमधून सासूबाईंचा आवाज आला. "डागाला काय करायचं? पाय लई घट्ट बसतो हिच्यावर."

त्यांच्या दोन्ही हातांत प्रसादाचं ताट होतं. भिंत चार पावलं लांब होती.