मूळ नक्षत्राची सून

जळकोटच्या अण्णारावांचा पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेले नागवेलीचे वेल, वेलांना लावलेली शिडी, आणि शिडीवर दिवसभर अण्णाराव. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, गालात घरचंच पान. माणूस कष्टाळू, मनानं निर्मळ, पण तोंडाला फाटक म्हणून नाही. चारचौघांत एकदा बोलून बसले की बसले. प्रेमाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "यांचं तोंड फुडं पळतंय आन् हे मागनं धापा टाकत जात्यात." हे खोटं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

आता हे सोयरिकीचं प्रकरण घ्या. मुलगा सोमलिंग नळदुर्गच्या शाळेत मास्तर. त्यानं एका लग्नात शिवकांता नावाची मुलगी पाहिली आणि मनात भरली. तिचे वडील वीरप्पा तुळजापूरच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. घर चांगलं, मुलगी कामसू, सतरा-अठरा वर्षांची. मग लग्न का राहिलं होतं? तर मुलगी मूळ नक्षत्रावरची. मुळावरची सून सासऱ्याच्या जिवावर येते, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. चार मुलांचे बाप येऊन शिरा खाऊन गेले होते. नक्षत्राचं नाव ऐकताच एकाला तर जागेवरच छातीत कळ आली, त्याला बैलगाडीत घालून न्यावं लागलं. शिरा मात्र त्यानं संपवला होता.

पारावर लिंबाजीनं विषय काढला. लिंबाजी अण्णारावांचा लहानपणापासूनचा दोस्त आणि पक्का कळलाव्या.

"अण्णा, पोराला काय, पोरगी गोरी दिसली. मरायचं कुणी? तुमी! जीव नगंसा झालाय व्हय तुमाला?"

अण्णाराव पान थुंकले. "कुठं ती चांदणी आन् कुठं जळकोट! तिला तितनं माझा मळा तरी दिसतोय का? आरं, म्या शिडीवर बसून दगूड मारला तर म्होरच्या झाडावरच्या माकडाला लागत न्हाय, आन् ती तितनं नेम धरून नेमका माझ्याच डोक्यात घालणार? करतो म्या ही सोयरीक! बघू काय करती चांदणी!"

झालं. पाराला काय, तमाशाच हवा होता. प्रेमाबाई दोन दिवस जेवली नाही. गावच्या मठातल्या रामलिंग स्वामींना बोलावलं. स्वामी म्हणाले, "गळ्यात लिंग असल्यावर कसलं नक्षत्र आणि कसला मुहूर्त? बेधडक करा." आणि उंबऱ्यापाशी जोडा घालता घालता हळूच म्हणाले, "एक अभिषेक तेवढा घालून टाका. मनाला बरं." अण्णारावांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच ते तोंडातलं पान चघळायचं विसरले. पण बोलून बसले होते ना!

वैशाखात लग्न झालं. तिसऱ्या दिवशी सुनेनं ताट वाढलं, अण्णारावांनी पहिला घास घेतला आणि उचकी लागली. साधी उचकी. पण तो घास गिळेपर्यंत त्यांना सगळे मेलेले पूर्वज दिसून गेले. त्या दिवसापासून अण्णारावांचा गुडघा दुखायला लागला, म्हणजे शिडी बंद. चिंचेखालचं बसणं बंद, फांदीचा काय भरवसा? सोलापूर-हैदराबाद सडकेवरून मोटार येताना दिसली की हे शेतात वीस पावलं आत. सदऱ्याची बाही उलटी करून विंचू बघितल्याशिवाय अंगात घालणं नाही. बाहेर विचारलं तर उत्तर एकच, "आमाला कसलं भ्या!"

आणि गाव कसलं सोडतंय? लिंबाजी रोज सकाळी दारात उभा राहून हाळी द्यायचा, "हायत का वो अण्णा?" आतून अण्णाराव ओरडायचे, "हाय! आन् तुला पोचवूनच जाणार!" सगळ्यात कहर केला धोंडीबा न्हाव्यानं. दर आठवड्याला दाढी करणारा माणूस, तो हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमच्या नरड्याला वस्तरा लावायचा आन् त्याच टायमाला चांदणीनं धक्का दिला तर? जेलात म्या जाणार. मला लेकरंबाळं हायती." बघता बघता अण्णारावांची दाढी छातीवर आली. दाढीची खबर ऐकून लांबलांबचे पाहुणे समाचाराला यायला लागले. येताना केळी आणायचे आणि जाताना सोमलिंगला बाजूला घेऊन "आता तूच धीर धर" म्हणायचे.

प्रेमाबाईनं श्रावणापासून सोमवार धरले. दिवसभर पाण्यावर राहायचं आणि दुपारी अनवाणी गावाबाहेरच्या महादेवाला जायचं. सुनेशी ती वाईट वागली असं कुणी म्हणणार नाही. पण अण्णारावांचं ताट मात्र हळूहळू स्वतःच वाढायला लागली.

एक दिवस प्रेमाबाई घरात नव्हती. शिवकांतानं ताट वाढलं आणि मागं न सरता तिथंच उभी राहिली.

"मामा, मला माहेरी धाडा."

"का? कुणी बोललं?"

"कुणी बोलत न्हाय, तेच तर. तुमी जेवताना माझ्या हाताकडं बघता. अत्याबाई बघत्यात. शेजारणी बघत्यात. म्या मुळावर जन्माला आले ते काय इचारून आले? सकाळी तुमच्या खोकल्याचा आवाज आला की मगच माझ्या जिवात जीव येतो. ज्या दिवशी न्हाय येणार त्या दिवशी मला कुणी सांगायची गरज न्हाय, म्या आपलीच हिरीचा रस्ता धरीन."

अण्णाराव घास हातात धरून बसून राहिले. सहा महिने आपण आपल्याच जिवाला कवटाळून बसलो आणि ही अठरा वर्षांची पोर आपला खोकला ऐकत अंथरुणात पडलेली असते! त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"तू कुठं जायाचं न्हाईस," ते म्हणाले. "भाकर आण आणखी एक." भूक नव्हती, पण खाल्ली.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी अण्णाराव मळ्यात शिडीकडं लांबून बघत उभे होते, तेवढ्यात वीरप्पा अहलकार घामाघूम होऊन पळत आले. टोपी हातात, बगलेत कागद.

"अण्णाराव! तुम्ही वाचलात! मूळ नाहीच!"

वीरप्पा म्हणजे कागदाचा किडा. लेकीचा जन्म त्यांनी कचेरीच्या सवयीनं सरकारी तारखेत टिपून ठेवला होता : तेराशे एकोणचाळीस फसली, महिना आजूर, म्हणजे इंग्रजी ऑक्टोबर. पत्रिका मांडली सरहद्दीपलीकडच्या, इंग्रजी मुलखातल्या जोश्यानं. आता आपलं निजामी साल आजूर महिन्यात बदलतं, म्हणजे इंग्रजी सालाच्या तीन महिने आधीच, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्यानं हिशेब केला आणि पोरीला चक्क एक वर्ष उशिरा जन्माला घातलं. परवा जुने कागद चाळताना ही गफलत वीरप्पांच्या ध्यानात आली, आणि त्यांनी तुळजापुरात नवी पत्रिका मांडून घेतली.

"म्हंजी मूळ दुसऱ्याच कुणाचं?"

"दुसऱ्याच कुणाचं!"

अण्णारावांनी आरोळी ठोकली आणि शिडीवर चढले ते थेट शेंड्याला. गुडघा कुठं गेला कुणास ठाऊक. वरून त्यांनी सडकेवरच्या एका मोटारीला हात केला, लिंबाजीच्या घराच्या दिशेनं दोन शिव्या हासडल्या आणि पानं खुडायला लागले.

"मग खरं नक्षत्र कुठलं वो?" वरूनच त्यांनी विचारलं.

वीरप्पांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "आश्लेषा."

"बरं असतंय का?"

"सासऱ्याला अगदी निर्धोक."

"आन् कुणाला वाईट असतंय?"

चष्मा पुसून पुसून झिजायची वेळ आली. "सासूला... असं म्हणतात. म्हणतात आपले लोक."

अण्णारावांचा हात वेलावर थांबला. मग ते एकेक पायरी खाली उतरले. प्रेमाबाई या घडीला उपाशीपोटी, अनवाणी, यांच्यासाठी महादेवाच्या वाटेवर होती. ती कधी पारावर बढाया मारत नव्हती. तिला हे कळलं तर ती बोलणार नाही, कोपऱ्यात बसून नुसती वाळत जाईल. आणि मग सुनेच्या हातचं पाणी तरी या घरात कोण पिणार?

त्यांनी वीरप्पांच्या हातातून कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि पाटाच्या चिखलात पायानं दाबले.

"अहो! अण्णाराव! ती खरी पत्रिका आहे!"

"असंल. पोरगी मुळावरचीच. गावाला तसंच ठावं हाय, तसंच ऱ्हाऊ द्या. अहलकार, तुमी पान खायला आलावता. ध्यानात ठेवा." आणि त्यांनी व्याह्यांच्या हातावर सात-आठ पानं ठेवून त्यांना वाटेला लावलं.

घरी आले तर प्रेमाबाई नुकतीच पोचली होती. तळपाय लाल झालेले, ओठ सुकलेले. तिनं यांच्या कपाळाला भस्म लावलं आणि पायरीवर टेकली.

"आज सोळावा झाला," ती म्हणाली. "आता तुमी काळजी सोडा. म्या त्येच्या फुडं पदर पसरलाय सोळा सोमवार. एकच मागणं. म्हणलं, देवा, त्या मुळाचं जे काय यांच्यावर यायचंय ते माझ्यावर घाल."

अण्णाराव ताडकन उठले. "काय? काय मागिटलंस?"

"अवो, वरडताय कशाला?"

"ऊठ! आत्ताच्या आत्ता ऊठ! मागणं मागं घ्यायचं!"

"देवाला दिलेलं मागं घेत्यात व्हय? येड लागलं का तुमाला?"

पण ऐकतोय कोण! भर उन्हात अण्णाराव बायकोचं मनगट धरून निघाले. मागून शिवकांता सासूच्या वहाणा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पळतेय, पारावरून लिंबाजी "काय झालं वो अण्णा?" म्हणून ओरडतोय, आणि अण्णारावांचं लक्षच नाही. देवळात पोचल्यावर प्रेमाबाई मागणं मागं घ्यायला तयारच होईना. नवऱ्याच्या जिवाचा मामला होता, ती कशाला घेईल?

तेव्हा अण्णाराव स्वतःच पिंडीपुढं बसले. गुडघ्यावर, दाढी जमिनीला लागेपर्यंत वाकून.

"म्हादेवा, हिचं ऐकू नगंस," ते म्हणाले. "ही उपाशी हाय, कायबी बोलती. जे असंल ते माझ्याच नावावर ऱ्हाऊ दे."

गाभाऱ्यात कुणी काही बोललं नाही. देवाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.